तळहाताचा कोळसा

मुंबईच्या युनियनवाल्यांनी मालवणच्या किनाऱ्यावर होडीचं शीड ताणून त्यावर जुना जर्मन सिनेमा लावला. पुरुष पुढे बसले, बायका शिडामागे. पडद्यावर बेकार झालेला एक कामगार, बायकोला कळू नये म्हणून, रोज घरात शिरण्याआधी तळहातांना कोळसा चोळायचा. भाषा कुणालाच कळत नव्हती, पण परशुरामानं आपले तळहात मांडीखाली सरकवले. मुंबईच्या गिरणीनं त्यालाही काढून टाकलेलं. गावी आल्यावर बायकोला, शेवंतीला, मात्र त्यानं रजा असल्याचं सांगितलं होतं. खेळ सुटल्यावर वाळूतून चालताना शेवंती म्हणाली, “तेच्या बायलेक पयल्याच दिवशी कळला आसतला.” तो जागीच थबकला. “तुका कधी कळला?” “तुमी इलास तेवाच.” तिनं काळोखात त्याचा मऊ पडलेला तळवा हातात घेतला. “सकाळी रापणीच्या जाळ्याचो दोर वढूक चला. जो वढता तेका माशांचो वाटो गावता. मगे हाताक कोळसो नको, घट्टे आपसूक पडतले.”