हिवाळ्यापुरते कुलूप

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या एका लहानशा गावातले क्वेकर पंथाचे लोक दर रविवारी सभागृहात तासभर मौन धरून बसत आणि शेवटी शेजारच्याचा हात हाती घेऊन उठत. एवढीच त्यांची प्रार्थना. यंदा मात्र व्यवस्था पाहणाऱ्या नेथनने हिवाळ्यापुरते सभागृहाला कुलूप घालण्याचे ठरवले, आणि त्याची ऐंशी वर्षांची मावशी, केझायाबाई, बर्फ तुडवत थेट त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली.

“कुणाला विचारून रे?”

“मावशी, बर्फ पडला की तू आणि आई, दोघीच तर येता. दोघींसाठी किती लाकूड जाळायचं? घरूनच संगणकावर सभेला बसा की.”

“ते दार वादळातसुद्धा कधी लागलं नाही! बर्फ पडल्यावर तिथे जी शांतता उतरते ना, तिच्यावर माझं उरलेलं वर्ष निघतं. आणि तुला चार ओंडके जड झाले?”

आता नेथनचाही तोल गेला. “नऊ वर्षं तुम्ही बहिणी एकमेकींशी एक अक्षरही बोललेल्या नाहीत. मग एका छताखाली येऊन गप्प बसायचा हट्ट कशाला? गप्प तर घरीही आहातच!”

केझायाबाईने संतापाने हातमोजा ओढून काढला आणि आपला पंजा त्याच्या नाकासमोर धरला.

“उन्हाळ्यात आमच्या दोघींच्या मध्ये वीस माणसं बसतात, मूर्खा. तुझ्या आईचा हात माझ्या हाती येतो, तो फक्त हिवाळ्यात.”