निळ्या सवती

नवरा काचेच्या पेटीसमोर गुडघे टेकून बसला होता, डोळ्याला घड्याळं दुरुस्त करायचं भिंग लावून. आत कालच पाळायला आणलेले डार्ट जातीचे दोन बेडूक होते. अंगठ्याएवढे, शाईसारखे निळे. दोघेही पानांखाली दडी मारून बसले होते.

“खा गं राणी,” तो कुजबुजला. “एवढंसं तरी खा.” बाटलीतल्या बिनपंखी माश्या त्याने स्वतःच्या हाताने जीवनसत्त्वांच्या पावडरीत घोळवून आत सोडल्या होत्या.

राणी! बायकोच्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळपासून टीव्ही बंद, कुकरची शिट्टी बंद, मोठ्याने शिंकायचीही चोरी. का, तर नवीन पाहुणे बुजतात. ती स्वतः लग्न होऊन या घरात आली, तेव्हा जेवली की उपाशी झोपली, हे विचारायला या माणसाला सवड नव्हती. आणि आता या निळ्या सवतींपायी याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

शेवटी त्याने बेडूक विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. पलीकडून दुकानदाराचा आवाज तिला ओट्यापर्यंत ऐकू आला. “साहेब, असे टक लावून बसलात तर मरतील, पण खाणार नाहीत. त्यांच्याकडे पाठ करून बसा. जेवा, हळू आवाजात गप्पा मारा. माणसांची सवय होऊ द्या त्यांना.”

त्याने निमूटपणे जेवणाच्या टेबलाची खुर्ची पेटीकडे पाठ करून फिरवली. एरवी तो टीव्हीकडे तोंड करून जेवायचा. आज समोर ती होती.

“बोल काहीतरी,” तो म्हणाला.

“मी का? गप्पा मारायला तुम्हाला सांगितलंय.”

त्याने पोळीचा तुकडा मोडला. मग त्याने वर पाहिलं. “चष्मा बदललास?”

“दोन वर्षं झाली.”

“छान दिसतो.”

तिला राग आला आणि बरंही वाटलं. मग तो आपल्या घड्याळाच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गंमत सांगू लागला. चावी द्यायला विसरायचं आणि घड्याळ बिघडलं म्हणून दुकानात भांडायला यायचं! ती तोंडावर हात धरून हसली.

त्याच्या खांद्यामागे पान हललं. एक निळी सवत बाहेर आली, थबकली, आणि समोरची माशी दिसेनाशी झाली. मग आणखी एक माशी. पाठोपाठ दुसरीही आली आणि दोघींनी माश्यांचा फडशा पाडायला सुरुवात केली.

“काय गं? आले का बाहेर? खातायत?” त्याची मान वळू लागली.

“वळू नका!” तिने घाईघाईने त्याच्या ताटात वाढलं. “अजून नाही. तुम्ही बोलत राहा.”