पंख्याची जागा

लाँड्रीतल्या इस्त्रीच्या खोलीला खिडकी नव्हती. वाफेने जीव नकोसा झाला, तेव्हा इस्त्रीवाल्या कडकमामाने सगळ्यांच्या सह्या घेऊन वाफ बाहेर फेकणारा पंखा मागितला. भिंतीला भोकही पाडून झालं. तेवढ्यात मॅनेजर सहज बोलून गेला, "एवढी मोठी भिंत, तुमच्या थोर पुरुषाची एखादी तसबीर का नाही लावत?"

झालं! कोणाच्या थोर पुरुषाची, यावरून खोलीत उभी फूट पडली. "आमच्याच!" मामा गरजला. "तुमच्याच का?" कपड्यांच्या घड्या घालणारी घडीवाली कडाडली. महिनाभर 'आम्ही' आणि 'तुम्ही' यापलीकडे कोणी कोणाशी बोलेना. शेवटी मॅनेजरने मोठ्या मनाने दोन्ही तसबिरी लावून दिल्या, शेजारी शेजारी, बरोबर भोकावर.

तिसऱ्या दिवशी मामाने वाफेने धुरकटलेली काच भक्तिभावाने पुसली. आतून घडीवालीचा थोर पुरुष निघाला. मामाने जीभ चावून बाजूला पाहिलं. घडीवाली पदराने मामाचा थोर पुरुष पुसत होती.

तिचा हात थांबला. "मामा," ती म्हणाली, "आपण पंखा मागितला होता ना?"

'आम्ही' आणि 'तुम्ही' सोडून तिसरा शब्द त्या खोलीत महिन्याभराने निघाला होता.