माशाचं मलम

त्या दुष्काळी उन्हाळ्यात टँकरच्या रेटारेटीत भरलेला हंडा यमुनाबाईंच्या पायावर पडला आणि शुगर असल्यानं जखम भरेचना. उस्मानपुऱ्यातल्या डॉक्टरीणबाईंनी शेवटी एक ट्यूब पुढं केली. “माशाच्या कातडीतून काढलेलं पेप्टाइड आहे यात. जखम लवकर भरेल. उशीर झाला तर बोट कापावं लागेल.” लेकानं ती परत सरकवली. “मासा? आमच्यात चालत नाही. आईचं सोवळं कडक आहे.” यमुनाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “श्रीधर, पाय माझा, सोवळं माझं, नको म्हणणारा तू कोण? हॉटेलात मासे हाणतोस, बडीशेप चघळत येतोस, बादल्यांवर बादल्या अंगावर ओततोस. मला वास येत नाही होय? त्याच पाण्यापायी पाय ठेचला माझा!” त्यांनी टोपण काढून ट्यूब त्याच्या हातात कोंबली. “बस खाली, लाव. आणि घरी गेल्यावर आंघोळ केलीस तर खबरदार!”