पिवळी रेघ

टॉर्क पान्यानं टक् केलं आणि भावोजींनी विजयी मुद्रेनं गॅरेजभर पाहिलं. प्रेक्षकांत एक मेहुणा, एक स्टूल आणि चार जाड चाकांची डोंगरगाडी. गाडी भावोजींच्या लेकीची. ती जनावरांची डॉक्टर. वरच्या वस्तीवर एक गाय अडली होती, आणि त्या चढावर दुसरी कुठलीच गाडी टिकत नव्हती. लेक बाहेर उभी राहून फोनवर "निघालेच, निघालेच" म्हणत होती.

टक् झालं म्हणजे चाक धरून ठेवणारा ऍक्सलचा नट हवा तेवढा आवळला गेला. पण नटाला खाचा असतात आणि ऍक्सलला आरपार भोक. दोन्ही समोरासमोर आली, तरच त्यातून पिन जाते आणि नट जागचा हलत नाही. आज भोक नेमकं दोन खाचांच्या मधे येऊन बसलं होतं. अशा वेळी पुढच्या खाचेपर्यंत आवळायचं. मागे फिरवायचं नाही, केसभरही नाही. हा धडा भावोजींनी मेहुण्याला इतक्यांदा दिला होता, की तो झोपेत बडबडायचा आणि त्याची बायको दचकून उठायची.

भावोजींनी पाना पुन्हा धरला. उजवा हात आजारपणापासून थरथरायचा, त्याच्यावर डावा ठेवला. कानशिलं लाल झाली. नट ढिम्म.

"द्या इकडे," मेहुणा म्हणाला.

"हात लावशील तर याद राख. बहीण दिलीत म्हणून गॅरेज नाही दिलं मी तुम्हाला."

लेकीनं दारातून डोकं आत घातलं. "बाबा, झालं का?"

"झालं!" भावोजी म्हणाले. मग तिची पाठ वळताच त्यांनी नट हळूच मागे फिरवला. पिन सुळकन आत गेली.

मेहुणा छताकडे बघत म्हणाला, "भावोजी, नट जरा मागे गेला का?"

"नट मागे जात नसतो. तू डोळे तपासून घे."

नटावरून थेट ऍक्सलवर त्यांनी पिवळ्या रंगाची रेघ ओढली. ही त्यांची मोहोर. रेघ ओढलेल्या नटाला कुणी हात लावायचा नाही, हा गॅरेजचा कायदा. हल्ली ती रेघ गांडुळासारखी वळवळत यायची. मग भावोजी मागे हात धुवायला गेले. हात धुणं हे त्यांच्याकडे लहानसं लग्नकार्य असे. साबण, भुसा, पुन्हा साबण.

मेहुण्यानं पिन उपसली. पाना लावला आणि दात खाऊन पुढची खाच भोकासमोर आणली. नवी पिन घातली, टोकं वाकवली. पेट्रोलच्या फडक्यानं गांडूळ पुसलं आणि ब्रश बुडवून नवी रेघ ओढली. भावोजी हात पुसत आले, तेव्हा तो स्टुलावर बसून स्वतःची नखं बघत होता.

लेक आली. निघण्याआधी ती नेहमी बाबांची रेघ बघायची. आजही वाकली. जरा वेळ वाकूनच राहिली. मग उभी राहिली आणि हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाली, "मस्त झालंय, बाबा."

"बापानं आवळलंय," भावोजी म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली. तिनं मामाकडे बघायचं टाळलं, आणि मामानं तिच्याकडे.

गाडी चढाला लागली. आवाज वळणाआड जाईपर्यंत दोघं दारात उभे राहिले. भावोजींनी उजवा हात खिशात घातला. खिसा हलत राहिला.

"ऐक," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "पुढच्या वेळी रेघ ओढताना हात जरा हलू दे. आज ती फार वेळ बघत होती."