पुढचा डावा पाय

मोतद्दाराने नवरदेवाचा पुढचा डावा पाय बर्फाच्या बादलीतून काढला, फडक्याने खडखडीत पुसला आणि बादली गवताच्या भाऱ्यामागे ढकलली. डॉक्टर यायला पाच मिनिटं होती.

नवरदेव हे तबेल्यातलं नाव. शर्यतीला निघाला की स्वारीचा थाट असा, जणू बाकीचे घोडे वऱ्हाडी! सहा वर्षांत एकतीस शर्यती, त्यातल्या अकरा जिंकलेल्या. पण पंधरा दिवसांपासून त्या पायाची नस तव्यासारखी तापत होती.

तापलेल्या पायाचं काय होतं, हे मोतद्दाराने पाहिलं होतं. गेल्या वर्षी शेजारच्या ठाणातल्या घोडीचा पाय असाच गरम लागला. दुसऱ्या दिवशी ट्रक आला. घोडी कुठे गेली, हे कुणी विचारलं नाही.

या एकट्या माणसाला जीव लावायला जगात हा एकच प्राणी होता. आजची मोसमातली शेवटची शर्यत निभावली की दोन महिने आराम. तेवढ्यात पाय बरा झाला असता.

डॉक्टर आला. वाकून पाय चाचपला.

"गार आहे."

"गारच असतो, साहेब."

"सरावानंतरही?"

"सरावानंतरही."

डॉक्टर तिथेच घुटमळला. "काका, नीट आठवून सांगा. जरासुद्धा लंगडत नाही? मालकीणबाईंनी मुद्दाम विचारायला सांगितलंय."

मोतद्दाराने नवरदेवाच्या मानेवर थाप मारली. "घोडा ठणठणीत आहे हो! उगाच नाट लावू नका."

डॉक्टरने सुस्कारा सोडला आणि कागदावर सही केली.

शेवटच्या वळणापर्यंत नवरदेव सगळ्यांच्या पुढे होता. मोतद्दार कठडा घट्ट धरून पुटपुटत होता, "देवा, एवढी एक निभावून ने." तेवढ्यात तो पाय मुडपला. जॉकी गवतावर फेकला गेला, धडपडत उठला. नवरदेव तीन पायांवर उभा राहिला. चौथा नुसता लोंबत होता.

माणसांनी भोवती पडदे धरले. कायमची झोपवणारी सुई टोचून झाली, तरी मोतद्दार त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिला. रडू आवरत नव्हतं.

"पायाची जरा जरी तक्रार निघाली असती," डॉक्टर हलकेच म्हणाला, "तर आज तो पळणारच नव्हता. बाईंच्या कुरणावर जाणार होता, कायमचा. सांभाळायला तुम्ही."

"मग मला सांगितलं का नाही?"

"बाईंनी बजावलं होतं. म्हणाल्या, काकांना कळलं तर पाय ठीक असला तरी दुखतो म्हणतील, घोड्याच्या मायेपोटी खोटं बोलतील."