मामाच्या सिनेमातला परका माणूस

"कट!" दिग्दर्शक ओरडला आणि परदेशातला बर्फ पडायचा थांबला. शिडीवरच्या माणसाने फेसाचं यंत्र बंद केलं. लोकरी कोटातल्या नटाने घाम पुसला.

दिवंगत लेखकाची धाकटी बहीण कॅमेऱ्यामागे खुर्चीत बसली होती, शेजारी तिचा मुलगा. लेखकाच्या पश्चात सगळे हक्क तिच्याकडे. तिने होकार दिला तर सिनेमा पुढे. नाही तर ही परदेशातली खोली उद्या दुसऱ्या कुणाच्या सिनेमात पोलीस चौकी होणार होती.

मुलाने आपलं म्हणणं सकाळीच ऐकवलं होतं.

"मामा थोर माणूस. तिकडे राहिला, लिहिलं, संपला. पण हा जोडीदार मध्ये कशाला? कोण कुठला माणूस! डॉक्टर करा त्याला. नाही तर घरमालक."

"घरमालक पाय चेपत नाही हो," दिग्दर्शक म्हणाला. त्याचे सिनेमे समीक्षकांना आवडत, त्यामुळे त्याला सोसायची सवय होती.

"मग चेपू नका पाय."

आता प्रसंग होता तो आजारपणाचा. लेखक पलंगावर, जोडीदार खुर्चीत बसून त्याला फुंकर मारून सूप भरवतोय.

"चुकतंय हे," बहीण म्हणाली.

दिग्दर्शकाने हातातली संहिता मिटली. मुलगा खुशीत म्हणाला, "घ्या! बोलली आई."

"फुंकर कसली मारतोय? तो नुसता चमचा धरून बसेल, निवेपर्यंत. आणि खाली बसेल, जमिनीवर. खुर्चीत अवघडायचा तो. गुणगुणू दे त्याला जरा. बेसूर. काळजी लागली की गुणगुणायचा."

नट खाली बसला. चमचा धरून बेसूर गुणगुणू लागला. मेकअपवालीने तोंड फिरवलं. आजवर ती कुठल्याच नटासाठी रडली नव्हती.

"मावशी, तुम्ही राहून आलात वाटतं त्यांच्याकडे?" दिग्दर्शकाने हळूच विचारलं.

"छे. दादाने बोलावलं होतं. माझा पाय निघाला नाही."

मग ती जरा मोठ्याने म्हणाली, "माझा होकार आहे. पण हा माणूस राहील. डॉक्टर नाही, घरमालक नाही. आहे तस्सा."

मुलगा उसळला. "आई, डोकं ठिकाणावर आहे का? याने मामाला नादाला लावलं आणि तू याचीच बाजू घेतेस? मी पाळण्यात होतो तेव्हा बाबा वारले. एकटीने मला वाढवलंस, लोक तुझ्यापुढे मान लववतात. बाबा असते तर हा तमाशा त्यांनी खपवून घेतला असता?"

आईने त्याची बाही ओढून त्याला खाली बसवलं, लहानपणी बसवायची तसं. नजर मात्र नटावरून हलली नव्हती.

"हळू बोल," ती म्हणाली. "ते जमिनीवर बसलेत ना, ते तुझे बाबा."